वगळलेली चौदा पानं

नव्या आवृत्तीच्या मुद्रितांच्या सत्त्याण्णवाव्या पानाला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हिरवं दार कुणाचं? आधी कुठे आलेलं दिसत नाही.' एवढंच. सही नाही, 'कृपया पाहावे' नाही. अक्षर नव्या संपादिकेचं होतं, हे न विचारता कळत होतं, कारण कचेरीतले बाकीचे लोक मुद्रितं वाचत नसत, नुसती पुढे सरकवत. त्यानं चिठ्ठी वाचली, हसला, चहाचा घोट घेतला आणि पान उलटलं. मग परत मागे आला. शर्टाची सगळी बटणं लावून झाल्यावर वर एक काज उरावं तसं काहीतरी झालं होतं. त्याचा धंदा कादंबऱ्या लहान करण्याचा. जगातल्या जाडजूड कादंबऱ्या शाळकरी मुलांच्या दप्तरात मावतील एवढ्या करून द्यायच्या. नऊशे पानांचं एक युद्ध त्यानं दीडशेत आटोपलं होतं, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं कमी मेली होती. एका नायिकेचे तीन प्रेमभंग होते, त्यातला एक ठेवला होता. आठवीच्या मुलांना तेवढा पुरे. कचेरीत त्याला कात्रीसर म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तो ते कौतुक समजत असे. मुद्रितांतली ही कादंबरी त्यानं लहान केलेली पहिली. चोवीस वर्षांपूर्वी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यानं ती एकशे अठ्ठावीस पानांत बसवली होती. सोळा सोळा पानांचे बरोबर आठ फॉर्म, एक पान वाया नाही. मालकांनी तेव्हा त्याची पाठ थोपटली होती. ती थाप अजून कधीकधी पाठीवर जाणवायची.

आणि हिरवं दार म्हणजे काही साधंसुधं दार नव्हतं. कादंबरीच्या शेवटाकडे, तिशीतला नायक, चांगल्या नोकरीला लागलेला, एका संध्याकाळी गावाच्या टोकाला चालत जातो, हिरव्या दारासमोर उभा राहतो, टोपी काढतो आणि बराच वेळ तसाच थांबतो. चोवीस वर्षं शाळांमधून हे वाक्य शिकवलं जात होतं. गाईडं लिहिणाऱ्यांनी ठरवलं होतं की हिरवा रंग वाढीचा, निसर्गाचा आणि आशेचा. एकानं त्यात आरोग्यही घातलं होतं. दर दोन वर्षांनी परीक्षेला यायचं, 'हिरव्या दाराचे प्रतीक स्पष्ट करा. गुण पाच.' त्याच्या स्वतःच्या मुलीला आला होता. आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा त्यानं पेपरातून मान वर न करता सांगितलं होतं, नव्या आयुष्याची चाहूल असं लिही. तिला साडेचार मिळाले. अर्धा गुण का कापला म्हणून तो शाळेत भांडायला निघाला होता, बायकोनं अडवलं. म्हणजे ज्यानं कात्री चालवली तोच गाईडांवर विश्वास ठेवून बसला होता, आणि ही गोष्ट आज, चहा गार होत असताना, त्याच्या लक्षात आली.

त्यानं संपादिकेला बोलावलं. तिला लागून चार महिने झाले होते आणि तिच्याबद्दल त्याचं मत पहिल्या दिवशीच पक्कं झालं होतं. ही पूर्वी टीव्हीच्या मालिकांचे संवाद लिहायची, कचेरीत पळायचे बूट घालून येते, जेवताना कानात काहीतरी घालून ऐकते. म्हणजे हिनं आयुष्यात पुस्तक उघडलेलं नाही. हे तिला विचारायची गरज त्याला कधी भासली नव्हती. ती आली, उभी राहिली. त्यानं तिला समजुतीच्या सुरात सांगितलं की साहित्यात प्रतीक नावाची चीज असते, सगळंच काही सरळ सांगितलेलं नसतं, मालिकांमध्ये तसं नसेल. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "प्रतीक असलं सर, तरी दार कुणाच्या तरी घराला लागतंच ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा माणूस एवढा चालत जातो, टोपी काढतो. आत कोण राहतं हे त्याला माहीत असणार. आपल्यालाच माहीत नाही."

तो म्हणाला, बघतो. ती गेली. तिच्या बुटांचा आवाज होत नाही याचा त्याला उगाच राग आला.

मूळ कादंबरी त्याच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर होती, पाठ उसवलेली, चारशे चाळीस पानांची. ती काढताना गुडघा वाजला. खुर्चीपर्यंत यायचाही धीर न धरता त्यानं तिथेच, कपाटाला टेकून, जमिनीवर बसून ती उघडली. नववं प्रकरण, दहावं प्रकरण. दोन्हींवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची तिरकी रेघ, आणि समासात त्याचंच अक्षर, तरुण, टोकदार, स्वतःवर खूष असलेलं : 'मुख्य कथेशी संबंध नाही.' त्यानं वाचायला घेतलं, आणि चोवीस वर्षांत प्रथमच ती पानं त्याला दिसली. नायकाच्या मावशीच्या घरी वरच्या खोलीत गाद्या शिवणारी एक बाई भाड्यानं राहायची. नदीपलीकडची. घरात रोज जेवताना नदीपलीकडच्या माणसांचा विषय निघायचा, कसे हात चलाख असतात त्यांचे, कसे डोळ्याला डोळा देत नाहीत. मग मावशीची अंगठी हरवते. बारा वर्षांचा नायक अंमलदारासमोर उभा राहतो आणि सांगतो की मी या बाईला मावशीच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं. त्यानं पाहिलेलं नसतं. पण तो खोटंही बोलत नसतो, हीच तर त्या लेखकाची गंमत. जेवताना इतके दिवस जे ऐकलं तेच त्याला दिसलेलं असतं. बाईची खोली जाते, गाव बोलायचं थांबतं, ती टोकाच्या एका पडक्या घरात राहायला जाते. त्या घराचं दार हिरवं. अंगठी तीन आठवड्यांनी पिठाच्या डब्यात सापडते. मावशी ती बोटात घालते आणि म्हणते, आता कशाला विषय काढायचा. चौदा पानं. तो मोजत होता, कारण मोजणं हा त्याचा धंदा होता. ही चौदा पानं काढल्यावर उरला तो नायक जन्मापासून सज्जन होता आणि शेवटपर्यंत सज्जनच राहिला. त्याच्या आवृत्तीत नायक मोठा होत होता तो फक्त उंचीनं.

गंमत अशी की नव्या अभ्यासक्रमासाठी मालकांनी त्याच्याकडे दोन पानांची प्रस्तावना मागितली होती, आणि तिचा विषय वरूनच ठरून आला होता, या कादंबरीतील पूर्वग्रह आणि वयात येणं. त्यानं ती अर्धी लिहूनही ठेवली होती. पूर्वग्रह हा समाजाला लागलेला रोग आहे, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. समाज म्हणजे अर्थातच दुसरे लोक. जमिनीवर बसल्या बसल्या त्याला ते वाक्य आठवलं आणि कान तापले. कपाटाच्या तळाशी जुन्या कागदाचा, डिंकाचा, थोडा बुरशीचा वास होता. आणि त्या वासातून, ओढून आणल्यासारखी नव्हे तर जणू इतका वेळ शेजारीच बसलेली, वेताची खुर्ची आली.

वेताची खुर्ची त्यांच्या जुन्या घरातली, पाहुण्यांची. तो सव्वीस वर्षांचा होता, हातात पदवी, डोक्यात जगातलं सगळं साहित्य. ताईनं, त्याच्या मोठ्या बहिणीनं, एका माणसाला घरी बोलावलं होतं, आईवडिलांनी बघावं म्हणून. माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. अंघोळ करून, नवा शर्ट घालून आला होता; शर्टाच्या घड्या अजून छातीवर चौकोनात उठून दिसत होत्या. तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवून, म्हणजे नखं दिसू नयेत असं वाटून तळवे पालथे घालावेत आणि नखंच वर यावीत तसा. वडील हवापाण्याचं बोलले. आईनं चहा दिला. यानं, धाकट्या भावानं, अधूनमधून दोन-तीन विनोद केले, लिफ्टच्या वर जाण्या-खाली येण्यावरचे, आणि पाहुणा त्यांना हसला. मग तो उठला, नमस्कार केला, गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजत होती तेवढ्यात यानं कालचं वर्तमानपत्र घेतलं आणि खुर्ची पुसायला सुरुवात केली. का? आईनं सांगितलं नव्हतं. खुर्चीला काही लागलेलं नव्हतं. हात आपोआप चालले होते, एखादी लकब असावी तसे. तेवढ्यात दार लोटून पाहुणा परत आला. छत्री विसरली होती. त्यानं पाहिलं. मग तो दोन पावलं पुढे आला, याच्या हातातला कागद हळूच काढून घेतला, म्हणाला, "राहू द्या, मी पुसतो," आणि वाकून त्यानं ती खुर्ची पुसली. बैठक, पाठ, दोन्ही हात, चारही पाय. नीट, कामाच्या माणसासारखी. कागदाची घडी करून खिशात घातली, छत्री घेतली आणि गेला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. महिन्याभरात तिनं त्याच माणसाशी लग्न केलं, नोंदणी कचेरीत जाऊन, दोन साक्षीदार घेऊन. याला सांगितलं, पण ये असं म्हटलं नाही. हा गेला नाही. पुढच्या वर्षी यानं ही कादंबरी लहान करायला घेतली.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता तरी येतं. इथे काही झालंच नव्हतं. लग्नाकार्यात भेटी होत. कसं काय, ठीक. तब्येत, ठीक. भाऊजी दोन हात जोडत, हाही जोडे, आणि मग दोघंही दुसऱ्या कुणाकडे तरी बघत. ताई याच शहरात राहत होती, बसनं चाळीस मिनिटांवर, आणि पंचवीस वर्षांत तो तिच्या घरी गेला नव्हता. मुलीनं लहानपणी विचारलं होतं की आत्या आपल्याकडे का येत नाही. लांब राहते, असं त्यानं सांगितलं. त्यालाच ते इतकं पटलं होतं की ताईचं नाव निघालं की त्याच्या मनात एखादं दूरचं गाव यायचं, धुकं वगैरे असलेलं. आयुष्यही त्यानं आठ फॉर्मांत बसवलं होतं. कपाटाशी बसून तो हे सगळं पाहत राहिला आणि त्याला रडू वगैरे आलं नाही. पाय मात्र साफ बधिर झाला. उठताना त्यानं फळी धरली तर फळीच हातात आली, आणि आवाज ऐकून आलेल्या संपादिकेनं त्याला हात दिला. सर, काही शोधताय का, तिनं विचारलं. सापडलं, तो म्हणाला, आणि पुस्तक तिच्या हातात ठेवलं. उद्या सकाळपर्यंत ही दोन प्रकरणं वाचून ये. ती म्हणाली, दोनच कशाला, सगळंच वाचते की. आणि त्याला कळलं की ही वाचेल.

सकाळी ते दोघं मालकांपुढे बसले. मालक पुस्तकांकडे वाण्यानं पोत्यांकडे बघावं तसं बघत, पण मनानं वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की इतकंच ना, मग ते दाराचं वाक्यच उडवा. एका ओळीचं काम. दार गेलं की प्रश्न गेला. परीक्षेत येणार नाही, गाईडवाले दुसरं प्रतीक शोधतील, त्यांना काय, भिंत दिली तरी चालेल. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. खरं तर कात्रीसरांना हे स्वतःलाच सुचायला हवं होतं, आणि सुचलंही होतं, पहाटे, अंथरुणात. मुद्रित समोरच होतं. मालकांनी तांबडी पेन्सिल पुढे केली. त्यानं ती घेतली, टोक वाक्याच्या सुरुवातीला टेकवलं. हाताला पुढचं सगळं पाठ होतं. मनगट किती वळवायचं, रेघ कुठे संपवायची. नायक टोपी काढून उभा होता आणि अर्ध्या मिनिटात तोही जाणार होता, मग तो कधीच कुठेच चालत गेला नव्हता असं होणार होतं. पंचवीस वर्षं हेच चाललं आहे, त्याच्या मनात आलं, खुणा दिसल्या की पुसायच्या. त्यानं पेन्सिल उचलली. वाक्याच्या सुरुवातीला एक तांबडा ठिपका तेवढा राहिला.

"वाक्य राहील," तो म्हणाला. "चौदा पानं आत घ्यायची."

मालक खुर्चीत मागे रेलले. चोवीस वर्षं पोरांनी जे लिहिलं त्याचं काय, त्यांनी विचारलं. त्यांना गुण मिळालेत, तो म्हणाला, ते परत मागायचे नाहीत. आणि शाळा विचारतील, ही पानं आधी का नव्हती, तर? तर प्रस्तावनेत लिहीन की मी कापली होती, आणि चुकलो होतो. मालकांना हे पसंत पडलं नाही. आपल्या दुकानात चूक असते पण छापत नाही, असं ते म्हणाले. त्यावर संपादिका, जी इतका वेळ बोटांवर काहीतरी हिशेब करत होती, म्हणाली की चौदा आणि प्रस्तावनेची दोन, सोळा होतात. बरोबर एक फॉर्म. एक पान वाया नाही. मालकांनी स्वतः बेरीज करून पाहिली. सोळाच आले. पुढे ते फार काही बोलले नाहीत. पश्चात्तापाला त्यांचा मुळात विरोध नव्हताच, कोरी पानं सुटू नयेत एवढंच.

प्रस्तावनेचं पहिलं वाक्य त्यानं सात वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ते लहान होत गेलं, सवयीनं, आणि प्रत्येक वेळी त्यातून 'मी' गळून पडला. पूर्वी काही पाने वगळण्यात आली होती. कुणी? आली होती. आठव्या वेळी त्यानं वाक्य वाढू दिलं. ते लांब, ओबडधोबड झालं, दोन ठिकाणी 'आणि' आला, पण त्यात माणूस होता. मग वाटलं, हे हजारो मुलांना सांगणं सोपं आहे. ती मुलं कुणी त्या खोलीत नव्हती. मूळ कादंबरीत शेवटी काय होतं ते त्यानं पुन्हा काढून पाहिलं होतं, काही मदत होते का म्हणून. काही होत नव्हती. नायक हिरव्या दारासमोर उभा राहतो, टोपी काढतो, आणि लेखक त्याला तिथेच सोडून पुढच्या प्रकरणाला लागतो. दार वाजवल्यावर काय म्हणायचं हे बहुधा लेखकालाही ठाऊक नसावं.

शनिवारी संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा त्यानं विचारलं, की ताईचा पत्ता आपल्याकडे कुठे लिहिलेला असेल. आवाज होता होईल तो सहज ठेवला होता. बायकोनं टॉवेलची घडी पुरी केली.

"तिसरा मजला," ती म्हणाली. "लिफ्ट आहे, पण अरुंद. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वाकून जा, तिथे तुळई खाली आलीये."

"तुला काय माहीत?"

"दोन महिन्यांतून एकदा जाते मी."

"कधीपासून?"

"आपलं लग्न झाल्यापासून. पोरगीपण येते कधीकधी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली, आणि त्याचा एक पायमोजा वर करून दुसरा शोधू लागली. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. म्हणजे त्यानं कापलेली पानं घरातल्या सगळ्यांनी केव्हाच वाचलेली होती. लहान आवृत्ती काय ती त्याच्या एकट्याकडे होती. रात्रभर त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं उलटंच. पुष्कळ दिवसांनी छातीत मोकळी हवा गेल्यासारखं, आणि तो लहान मुलासारखा गाढ झोपला.

रविवारी सकाळी दहाला तो त्या इमारतीच्या जिन्यावर होता. लिफ्टसमोर क्षणभर थांबला होता, पण पायीच निघाला, वाक्य जुळवायला तेवढाच वेळ. पहिल्या मजल्यापर्यंत वाक्य ठीक होतं. दुसऱ्याच्या वळणाच्या जरा अलीकडे रस्ताच बंद होता. एक लाकडी कपाट, जुनं, भक्कम, जिन्यात तिरकं अडकलं होतं, आणि त्याच्या खालच्या टोकाला खांदा लावून, पदर खोचून, पाठमोरी ताई उभी होती. पंचावन्न वर्षांची पाठ. कपाटापलीकडून, वरून, पुरुषाचा आवाज येत होता, की थोडं उजवीकडे, जरा अजून, अगं पण उजवीकडे. चाहूल लागली म्हणून तिनं मान वळवली. आश्चर्य वाटायला हात मोकळे नव्हते.

"बारक्या?" ती म्हणाली. "धर इकडून. माझी कंबर गेली."

त्यानं धरलं. ती बाजूला सरली, भिंतीला टेकली आणि श्वास घेत त्याच्याकडे पाहत राहिली.

"कोण आलं?" वरून आवाज आला.

"बारक्या."

कपाटाचं सगळं वजन त्याच्या तळहातांवर आलं होतं, आणि कपाट एवढं रुंद होतं की वरचा माणूस दिसणं शक्य नव्हतं.

"जमेल का त्याला?" भाऊजींनी ताईला विचारलं.

"मी विचारत नाहीये. तुम्हीच विचारा."

"जमेल," तो म्हणाला. मग आणखी थांबलो तर राहून जाईल असं वाटून, जुळवलेलं सगळं वाक्य टाकून देऊन, कपाटाच्या पाठीकडे तोंड करून तो म्हणाला, "भाऊजी, त्या दिवशी ती खुर्ची मी..."

"आधी उचला. उचलता उचलता बोला. मी ऐकतोय."

आणि त्यानं खरोखरच तसं केलं. एकेक पायरी, एकेक तुकडा. धापा टाकत, चुकत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत त्यानं ते सांगितलं, विनोदांसकट, घड्या उठलेल्या शर्टासकट. खुर्ची स्वच्छ होती, हे सांगितलं. आपण काय पुसत होतो हे आपल्यालाही तेव्हा कळलं नाही, हे सांगितलं. एवढं लांब तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. वळण आलं, तुळई आली, दोघंही वाकले, कपाट लागलं आणि सुटलं.

"कागद मी घरी नेला होता," वरून भाऊजी म्हणाले. आवाज शांत होता, लाकडातून आल्यासारखा. "उलगडून पाहिला. दोन्ही बाजूंनी. दिव्यापाशी धरून. काही नव्हतं त्याच्यावर."

खाली, भिंतीशी, ताईनं नाक ओढलं.

"पंचवीस वर्षं वाटायचं," भाऊजी म्हणाले, "तुम्हाला एकदा सांगावं, की नव्हतं काही." मग, "आता डावीकडून जोर द्या. तुमच्या डावीकडून. हां. एवढा जोर आहे तुमच्यात, मला वाटलं नव्हतं."

"मलाही," तो म्हणाला.

दोघं हसले की नुसते धापा टाकत होते हे सांगणं कठीण. कपाट सरकलं. पायऱ्या संपल्या, फरशी लागली, कुठूनतरी फोडणीचा वास आला, पायाखाली पायपुसणं घसरलं, आणि मागून ताई ओरडली की चौकटीला घासू नका रे. तो ढकलत राहिला. डोळ्यांसमोर फक्त लाकूड होतं, त्याचे बारीक दोरे आणि एक खिळ्याचं भोक, त्यामुळे जिना कुठे संपला आणि ताईचं घर कुठे सुरू झालं हे त्याला समजलंच नाही.

"कुठे ठेवायचंय?" त्यानं विचारलं.

"आधी खाली टेका," भाऊजी म्हणाले. "मग बसून ठरवू."